गळ्यात टायर घातलेले साडभाऊ

वाशीम जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं रस्ता चुकली असतील, त्यांतली निम्मी तरी माझ्या साडभावांना रस्ता विचारून चुकली आहेत, याविषयी माझ्या मनात कसलीही शंका नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाशीमच्या पुसद नाक्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे, आणि दुकान नाक्यावर असल्यामुळे परगावचा प्रत्येक गाडीवाला काच खाली करून पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो. साडभाऊ हातातलं काम टाकून, हात पुसत, अगदी मनापासून बाहेर येतात. अडचण एवढीच की त्यांना डावं-उजवं कळत नाही. "ज्या हातानं मी जेवतो ना, त्या हाताले वळा," असं सांगताना ते दुसराच हात हलवतात. शिवाय खुणा सांगतात त्या आता नसलेल्या गोष्टींच्या. "पुढं लिंबाचं मोठं झाड होतं पहिले, ते लागलं का थांबा," हे ऐकून गेलेला माणूस थांबणार तरी कुठे? हिंगोलीला निघालेलं एक कुटुंब तासाभरात तीनदा फिरून त्यांच्याच दुकानासमोर आलं. तिसऱ्या खेपेला सगळ्यांनी खाली उतरून चहा घेतला. त्या घराशी साडभावांचा अजून येण्या-जाण्याचा संबंध आहे.

तीसेक वर्षं टायरांत घालवलेल्या या माणसाला गाडी चालवता येत नाही. चारचाकी नाहीच, दुचाकीही नाही. "चालवनं येगळं आन् चाक ठेवनं येगळं," असं ते म्हणतात आणि त्यात काही तरी खोल अर्थ असावा अशा नजरेनं आपल्याकडे पाहतात. मी बरीच वर्षं त्या वाक्यावर विचार केला, मग सोडून दिला. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, नावांचा तर प्रश्नच नाही. टायर मात्र एकदा पाहिला की जन्मभर विसरायचे नाहीत. लग्नाला गेले की मांडवात शिरण्याआधी बाहेर लावलेल्या गाड्यांमधून त्यांची एक फेरी होते. त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या ताई, आहेराची पिशवी धरून उन्हात ताटकळत उभ्या. फेरी संपवून ते सांगतात, "तो मालेगाववाला आलाय बरं, ज्याचं समोरचं चाक बाहेरून घासते." एकदा दारात खुद्द मुलीचे वडील हात जोडून उभे होते, तर यांनी त्यांनाच विचारलं, "तुमी कोन जी?" पुन्हा बाहेर गेले, त्यांची जीप पाहून आले आणि मग अशी कडकडून मिठी मारली की त्या गृहस्थांचा फेटा सुटला.

टायर पाहून ते माणूस वाचतात. एक सभ्य गृहस्थ हवा भरायला आले होते. साडभाऊ चाकाजवळ उकिडवे बसले, तळहात फिरवला आणि हळूच म्हणाले, "रोज घरून भांडून निंगता काय?" गृहस्थ चपापले. "तुमची गाडी रोज निंगताना ओट्याले घासते. शांत डोक्याचा मानूस एखाद्या दिवशी घासन, रोज नाई घासत." गृहस्थांनी गाडी बंद केली, स्टूल ओढून घेतलं आणि अर्धा तास घरातलं सगळं सांगत बसले. हवा भरायची राहूनच गेली. माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक पाहून ते एकदा म्हणाले, "गुरुजी, तुमी शाळेत लेट जाता. निरे ब्रेक मारून राह्यले." त्या वेळी आमचे मुख्याध्यापक शेजारी उभे होते. पण तो विषय वेगळा.

इतकी वर्षं साडभाऊ टायर काढायचे ते हातानं. दोन टाम्या, म्हणजे लोखंडाच्या लांब चपट्या सळ्या, आणि एक हातोडा, एवढाच संसार. पुढे गाड्यांना चकचकीत रिमा आल्या आणि त्यांवर ओरखडा उठला की जीव गेल्यासारखे ओरडणारे मालकही आले. समोरच्या दुकानात मशीन आलं. गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. शेवटी ताईंनी हट्ट धरला आणि साडभावांनी अकोल्याहून मशीन आणवलं. मधे गोल फिरती तबकडी, तिच्यावर रिम घट्ट धरणारे चार पंजे, वरून खाली येणारा एक दांडा आणि त्याच्या टोकाला चोच. ती चोच टायरच्या काठाखाली घालायची आणि तबकडी फिरवायची, की टायर केळ्याच्या सालीसारखा रिमवरून सुटून येतो. चढवायचा तोही असाच. साडभावांनी दांड्याचं नाव बगळा ठेवलं. इथवर सगळं ठीक होतं. पण खाली तीन पायडल होते.

"हा फिरवते, हा धरते, हा दाबते. सोपं हाये," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत. सांगताना बरोबर, पाय ठेवताना चूक. मशीनच्या पूजेच्या दिवशी ताईंनी हळद-कुंकू वाहिलं आणि तबकडीवर नारळ ठेवला. साडभावांनी भक्तिभावानं वाकून नमस्कार केला. वाकताना पाय टेकला. तबकडी फिरली, नारळ उडाला आणि पंक्चर तपासायच्या पाण्याच्या टबात जाऊन पडला. जमलेल्या मंडळींना हा शुभशकुन की अपशकुन हे ठरवता येईना. साडभाऊ मात्र टबात वाकून म्हणाले, "बुडबुडे नाई निंगून राह्यले. नारळ पक्का हाये."

पुढच्या दोन महिन्यांत त्यांचं आणि मशीनचं काही जमलं नाही. धरायला जावं तर ते फिरायचं, फिरवायला जावं तर दाबायचं. "हे डावखुरं हाये," असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. तीस वर्षं जे हात आपोआप चालत होते, ते आता पाय काय करतोय हे पाहायला थांबायचे, आणि तेवढ्यात डोकं तिसरीकडेच जायचं. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. त्या रविवारपर्यंत.

त्या दिवशी बायकोनं बहिणीसाठी दिलेले पापड पोचवायला मी दुपारी बाराच्या सुमारास दुकानात गेलो, तर साडभाऊ फरशीवर मांडी घालून बसलेले. समोर एक टायर. चेहरा राखेसारखा.

"गुरुजी," ते म्हणाले, "हा टायर कोनता हाये?"

"मले काय माहीत?"

"मले माहीत हाये. तोच तं वांधा हाये."

त्यांच्या बोलण्यातून सरळ गोष्ट काढायला मला दहा मिनिटं लागली. सकाळी दोन गाड्या आल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या टायरांच्या. एक रिठदला साखरपुड्याला निघालेली, दुसरी धनजला. रिठदवाल्याचा एक टायर आतून फाटलेला निघाला. बाहेरून ठणठणीत, पण आत बाजूच्या भिंतीतले धागे तुटलेले. असा टायर भर रस्त्यात कधी फुटेल सांगता येत नाही. साडभावांनी तो उतरवला, मालकाला दाखवला आणि त्याच्या जागी बसवायला नवा टायर आणला. धनजवाल्याचं साधं पंक्चर होतं. टायर काढून आतून पॅच मारला. म्हणजे फरशीवर तीन टायर झाले: एक फाटका, एक नवा, एक पॅच मारलेला. त्यांतले दोन दोन गाड्यांवर चढले. उरायला हवा होता फाटका. साडभावांसमोर जो पडला होता, त्याच्या आत मात्र त्यांच्याच हातचा ताजा पॅच होता.

"म्हणजे फाटका टायर..."

"चढवला मी. कोनाच्या तरी गाडीले."

"नवा कोणत्या गाडीले लावला, ते आठवा ना!"

"डाव्या हाताच्या."

"म्हणजे रिठदची?"

"माहं तोंड रस्त्याकडे असन तं रिठदची. मशीनकडे असन तं धनजची."

"मंग तोंड कुठी होतं?"

"पायाकडे," साडभाऊ म्हणाले. "कोनता पायडल हाये, ते पाहून राह्यलो होतो."

फोन नंबर लिहून ठेवायची त्यांना सवय नव्हती. गाडीचा नंबर? तो त्यांनी आयुष्यात कधी वाचला नव्हता. माणसं कशी होती विचारलं, तर म्हणाले, "मानसासारखी." रिठदच्या गाडीत काय आठवतं? "अत्तराचा वास." आणि धनजच्या? तिथे मात्र ते जरा थांबले. "बुढा-बुढी होते आन् त्याहीची पोरगी. सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन सासरी चालली होती. हवा भरताना टायर रिमवर ठक्क करून बसते ना, त्या आवाजानं लेकरू दचकलं. मी म्हनलं, बाप्पा, नको रडू, आता नाई होत आवाज." एवढं बोलून ते माझ्याकडे न पाहता टायरच्या आत हात घालून उगाचच पॅच चाचपत राहिले.

रिठदला माझे एक सहकारी राहतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "साखरपुड्याले तीस गाड्या आल्या हायेत गुरुजी. दोन सोडल्या तं साऱ्या पांढऱ्या." धनजला माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. रिठद जवळ, धनज दोन-अडीच तासांवर. मी मोटारसायकल काढली. टायर न्यायचा कसा, हा प्रश्न साडभावांनी क्षणात सोडवला. एक हात आणि डोकं त्यातून बाहेर काढून तो त्यांनी गळ्यात अडकवला, टाम्या आणि हातोडा पिशवीत घेतला आणि माझ्यामागे बसले. त्या अवतारात आम्ही वाशीमच्या बाजारातून निघालो. लोकांना वाटलं, गावानं कुणाला तरी शिक्षा दिलीय. एकानं तर मला विचारलं, "काय केलं त्यानं?"

रिठदला मांडवाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. साडभाऊ गळ्यातल्या टायरसकट पहिल्या गाडीपाशी गुडघ्यावर बसले, मग दुसरीपाशी, मग तिसरीपाशी. नव्या कपड्यांतली पाहुणेमंडळी गोळा झाली.

"काय शोधून राह्यले हो?" एकानं विचारलं.

"टायर."

"अहो, गळ्यातच तं हाये!"

सगळे खदखदा हसले. साडभावांच्या कानात काही शिरत नव्हतं. अकराव्या की बाराव्या गाडीपाशी ते थांबले, दार उघडं होतं तिथे नाक नेलं, अत्तराचा वास घेतला आणि चाकापाशी बसले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते त्यांनी बोटांनी चाचपले. "नवा हाये," ते म्हणाले. "बरोबर बसला." मी आनंदानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. मग माझंही थांबलं. इथला टायर बरोबर होता याचा अर्थ एकच होता.

यजमानांनी जेवायचा आग्रह केला. साडभावांनी लग्नाकार्यातलं ताट नाकारलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुन्हा वाशीम, मग मंगरूळपीर, मग कारंजा. एरवी साडभाऊ गाडीवर मागे बसले की तोंड बंद नसतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या टायरची कुंडली सांगत असतात. त्या दिवशी त्यांनी एकाही टायरचं नाव काढलं नाही. मला फक्त टायरचा काठ पाठीत रुतत होता, त्यावरून कळायचं की माणूस मागे आहे. कुठे पांढरी गाडी उभी दिसली की "थांबा!" एवढंच. उतरून जायचे, वाकायचे, परत यायचे. मंगरूळपीरच्या पुढे एका वळणावर रस्त्यात काळ्या रबराच्या चिंध्या पसरल्या होत्या. मी ब्रेक लावायच्या आत ते उडी मारून खाली उतरले. तिथेच बाजूला नाल्याचा उतार होता. मी गाडी लावून त्या नाल्यात डोकावून पाहिलं. मला वाटतं, तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. खाली बाभळी होत्या आणि एक गाय चरत होती. साडभाऊ चिंधी हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध बसले होते. "ट्रकचा हाये," ते म्हणाले. "चार दिवसांचा." चिंधी कडेला फेकून ते पुन्हा माझ्यामागे बसले.

धनजला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बस थांब्यावर विचारलं, वाशीमहून सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन कोण आलंय? लगेच घर कळलं. अंगणात शेवग्याखाली पांढरी गाडी उभी होती. साडभाऊ तिच्यापाशी गेले आणि मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूनं हात घालून तसेच बसून राहिले. मी वाकून पाहिलं. टायरच्या भिंतीला कवठाएवढा फुगा आला होता.

आतून पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बाहेर आले. वाशीमचे कापडाचे व्यापारी होते, हे मला नंतर कळलं. गळ्यात टायर घातलेला माणूस आपल्या गाडीला चिकटून बसलेला पाहून ते गोंधळले.

"कौन है भाई? क्या हुआ?"

"लेकरू कुठी हाये?" साडभावांनी विचारलं.

"अंदर सोया है. पर तुम हो कौन?"

"सकाळचा टायरवाला."

"अच्छा! काही राह्यलं काय आमचं तिथं?"

"माही अक्कल राह्यली जी," साडभाऊ म्हणाले आणि मग सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, मशीनवर काही ढकललं नाही. त्या गृहस्थांनी वाकून तो फुगा पाहिला. त्यावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मेरी बच्ची बैठी थी इसमें." त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दारातून त्यांची बायको मात्र बोलू लागली आणि जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. त्यातलं चुकीचं काहीच नव्हतं. साडभाऊ मान खाली घालून ऐकत होते.

"स्टेपनी लावून देता का?" गृहस्थांनी विचारलं. साडभावांनी स्टेपनीवर टिचकी मारली. ती कधीपासून हवेशिवाय पडून होती.

मग त्यांनी गाडीतल्याच जॅकनं चाक उतरवलं आणि पिशवीतून टाम्या काढल्या. मी त्यांना हातानं टायर काढताना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या अंगणात पाहिलं ते वेगळंच. घरातून कपड्यांचा साबण मागून घेतला, काठाला लावला, टायरवर दोन्ही पाय रोवून उभे राहिले. एक टामी इथे, दुसरी तिथे, वजन टाकलं, आणि टायर सुटला. रिमवर ओरखडा नाही. डावं-उजवं नाही, पुटपुटणं नाही, विचारात थांबणं नाही. हात जात होते आणि काम होत होतं. अंगणात जमलेले शेजारी पुढे सरकून पाहू लागले. पॅच मारलेला टायर चढला. गावातला पंक्चरवाला हवेची टाकी ढकलत घेऊन आला. हवा भरायच्या आधी साडभाऊ थांबले, दाराकडे पाहून म्हणाले, "माय, लेकरू आतल्या खोलीत ने. आवाज होईन."

ठक्क. आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूचा, ठक्क.

फाटका टायर त्यांनी हातोड्यानं टामी आरपार ठोकून तिथेच असा फाडला की पुन्हा कुणाच्या गाडीवर चढण्याची त्याची हिंमत होऊ नये. शरबत आलं. मघाशी बोलणारी ती बाई आत गेली, बाळाला घेऊन आली आणि साडभावांपुढे धरलं. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी ते वर उचलून धरले, एखाद्यानं बंदूक रोखल्यासारखे, आणि कोपरांच्या खोबणीत ते लेकरू घेतलं. लेकरू त्यांच्याकडे पाहत राहिलं. साडभाऊ त्याच्याकडे. दोघांपैकी कोण जास्त गोंधळलं होतं, सांगणं कठीण होतं.

परतताना कारंजाच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. साडभावांनी कप तसाच धरून ठेवला होता.

"गुरुजी," ते म्हणाले, "तीस वर्षांपासून रोज गाड्या वाटेले लावून देऊन राह्यलो. मानसं टायर बसवतात आन् जातात. पोहोचलो म्हनून कोनी सांगत नाई. सांगन काहून? मी आपला समजतो, पोहोचले असतीन." मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "सारे पोहोचले असतीन ना जी?"

मी शिक्षक माणूस. उत्तर देण्याचा माझा पेशा. मी म्हटलं, "चहा थंडा होऊन राह्यला."

मशीन अजून आहे आणि आता बरंच माणसात आलंय. साडभाऊ हल्ली प्रत्येक टायरवर खडूनं गावाचं नाव लिहितात, त्यामुळे वाशीममध्ये "मेहकर" लिहिलेली चाकं यवतमाळकडे धावताना दिसतात. पण फाटका टायर आधी फाडल्याशिवाय ते दुसऱ्या टायरला हात लावत नाहीत.

मी त्या रविवारनंतर एक करू लागलो. कुठेही गेलो, की पोचल्यावर त्यांना फोन करतो. पहिल्यांदा केला तेव्हा त्यांना काही समजलंच नाही. "कोन पोहोचलं? कुठी? कायले?" असं बराच वेळ चाललं. मी अमरावतीला एसटीनं गेलो होतो. त्या गाडीच्या टायरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण हळूहळू त्यांना सवय झाली. आता ते फार विचारत नाहीत. "बरं झालं," म्हणतात आणि फोन ठेवतात.

यंदा मी निवृत्त झालो. बदल्या संपल्या, मीटिंगा संपल्या, कुठे जाणं होत नाही. परवा संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, उगाच. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांना फोन लावला. पलीकडून मशीनचा फुस्स आवाज येत होता.

"गुरुजी, पोहोचले काय?"

मी गोंधळलो. मग म्हटलं, "हो."

"बरं झालं," साडभाऊ म्हणाले. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. फोनही ठेवला नाही. बराच वेळ मी तो मशीनचा आवाज ऐकत बसलो होतो.